पेंडरवेल, मुक्काम खडकोळे

एसटीतून गोरा माणूस उतरला तेव्हा मी खळ्यावर भात झोडत होतो. तो बांधावरून तोल सावरत सरळ माझ्यापाशी आला, डोक्यावरची टोपी काढली आणि इंग्रजीत म्हणाला, "मिस्टर पेंडरवेल?"

"हो," मी म्हणालो.

"मी पण," असं म्हणून त्याने हात पुढे केला.

गावात मला आडनावाने हाक मारत ती फक्त चिडवायला. ते कुणी इतक्या आदराने उच्चारल्यावर काय करायचं तेच मला सुचेना. मी लेंग्याला हात पुसले आणि त्याचा हात धरला. मागे खळ्यावर आमचे गडी तोंडात पदर कोंबल्यासारखे हसत होते. त्यांचं तरी काय चुकलं? एवढी वर्षं ज्याच्यावरून आमची थट्टा केली, तो साहेब अखेर गावात हजर झाला होता.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. खडकोळे म्हणजे इगतपुरीहून आत, डोंगराच्या पायथ्याचं भाताचं गाव. गावात सगळे खातळे, गतीर नाहीतर भगडे, आणि मधे आमची चार घरं पेंडरवेलांची. माझं पूर्ण नाव धोंडीराम केरबा पेंडरवेल. पहिल्या दोन नावांवरून माणूस कुठला ते कळतं, तिसरं ऐकलं की तो तिथला नाहीच असं वाटतं. शाळेत नवे मास्तर हजेरी घेताना माझ्यापाशी अडखळायचे. मग कुणीतरी पोरगं ओरडायचं, "मास्तर, ते साहेबाचं बेणं हाय!" आणि वर्ग पोट धरून हसायचा.

गावाला ठाऊक असलेली हकिगत अशी. इगतपुरीला गोऱ्यांच्या काळात सॅम्युअल पेंडरवेल नावाचा एक इंजिन ड्रायव्हर होता. त्याच्या बंगल्यावर पाणी भरायला आमची पणजी राही जायची. तिला मुलगा झाला, भिका, माझा आजा. त्या भिकाचं नाव शाळेत लागलं ते 'भिका पेंडरवेल' असं. इतकं सांगून गाव डोळा मिचकावायचं. त्यातून माझे वडील, म्हणजे अण्णा, दर सर्वपित्रीला भात, वडे आणि खिरीची पत्रावळ घेऊन इगतपुरीच्या गोऱ्यांच्या कब्रस्तानात जायचे आणि साहेबाच्या कबरीवर ठेवून यायचे. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते पटायचं. मी घोटीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. आडनाव बदलून 'खडकोळकर' करावं म्हणून दोनदा कागद तयार केले. दोन्ही वेळा अण्णांनी ते चुलीत घातले, आणि का ते सांगितलं नाही.

पाहुण्याचं नाव ॲलन. सत्तरीचा, भूगोल शिकवून निवृत्त झालेला, बोलायला मऊ. ओटीवर मांडी घालायची धडपड सोडून त्याने पाय सरळ पसरले आणि पिशवीतून जगाचा नकाशा काढून समोर अंथरला. नकाशावर निळ्या शाईचे ठिपके होते.

"प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेंडरवेल," तो म्हणाला. इंग्लंडच्या खालच्या टोकाला एका दरीत एकच शेत आहे. हे आडनाव त्या शेतावरून पडलं. त्या घराबाहेरचा पेंडरवेल जगात कुठे सापडत नाही. खाणी बंद पडल्यावर काहीजण ऑस्ट्रेलियात गेले, काही कॅनडात. "जिथे म्हणून हे नाव आहे, तिथे आमच्याच घरातलं माणूस गेलेलं आहे. आता इंग्लंडात आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे उरलो. मला मूलबाळ नाही. म्हणून म्हटलं, मरायच्या आधी सगळ्यांना एकदा भेटून यावं."

"आणि आमचा पत्ता कुणी दिला?"

त्याने एक फोटो दाखवला. जुन्या कबरींचे फोटो काढत हिंडणाऱ्या कुणीतरी काढलेला. दगडावर सॅम्युअल पेंडरवेलचं नाव, आणि त्याच्यासमोर अण्णांची पत्रावळ. वड्यावर कावळा बसला होता. तिथल्या राखणदाराने फोटोवाल्याला खडकोळ्याचं नाव सांगितलं होतं.

"इथे पेंडरवेल किती आहेत?" ॲलनने विचारलं.

मी चार घरांतली माणसं मनात मोजली. "लहानथोर धरून तीसच्या वर."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खडकोळ्यात इंग्लंडपेक्षा जास्त पेंडरवेल निघाले होते.

मग तो खरं काय ते बोलला. सॅम्युअल हा त्याच्या आजोबांचा सख्खा भाऊ. हिंदुस्थानात त्याने काहीतरी लाजिरवाणं केलं अशी बातमी घरी गेली. घरच्यांनी त्याची पत्रं न फोडता परत पाठवली, त्याचं नाव घेणं सोडलं. त्याआधी आलेल्या पत्रांतही त्याने स्वतःच्या बाजूने एक अक्षर लिहिलं नव्हतं. "मला एवढंच जाणून घ्यायचंय," ॲलन म्हणाला. "तुम्ही त्याचे का? वडिलांना विचाराल?"

अण्णा खांबाला टेकून विडी ओढत होते. मी विचारलं. अण्णांनी पाहुण्याकडे बघितलं.

"त्याला म्हनावं, भाकरी खाऊन घे," ते म्हणाले. "लांबून आलाय."

मला मात्र त्या भाकरीची नाही, दुसऱ्या दिवसाची काळजी होती. माझी धाकटी बहीण वैजयंता, वैजू, हिची सुपारी फुटायची होती. मुलगा सिन्नरकडचा, जालिंदर गुंजाळ, प्राथमिक शाळेत मास्तर. दोन वेळा बघून गेला होता. वैजू चोविशीची झाली होती. आडनाव ऐकून तीन स्थळं उंबऱ्यावरूनच परतली होती. जालिंदर मात्र दुसऱ्यांदा आला तेव्हा तिला म्हणाला होता, "नाव काय, लग्नानंतर बदलतंच." तेव्हापासून पोरगी भांडी घासताना गुणगुणायला लागली होती. आणि उद्या गुंजाळ मंडळी यायची, तर ओटीवर साक्षात गोरा पेंडरवेल पाय पसरून बसलेला!

"अण्णा, ह्याला इगतपुरीला हॉटेलात सोडून येतो," मी म्हणालो.

"काही नको. घरचा पाहुना हाय, घरात ऱ्हाईल."

"उद्या गुंजाळ येणार आहेत!"

"येऊ दे की. त्यांनाबी भाकरी हाय."

पाहुण्याला ठकूआत्याने नाचणीची भाकरी वाढली. ठकूआत्या अण्णांची धाकटी बहीण. तिच्या डाव्या डोळ्यात फूल होतं. त्यामुळेच तिला कुणी पसंत केलं नाही आणि ती आयुष्यभर भावाकडे राहिली, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. कुणी सांगितलं होतं म्हणून नव्हे, पण डोळा दिसत होता ना. आत वैजू माझ्या मुलाला मांडीवर घेऊन झोके देत होती. तो तेव्हा दोन महिन्यांचा. माझी बायको इंदू त्याला क्षणभर नजरेआड करायची नाही, कारण आमचा पहिला मुलगा रांगायला लागला तोच तापाने गेला होता. दुसऱ्याला ती फक्त वैजूच्या हातात द्यायची.

सकाळी गुंजाळ आले. पोपटराव गुंजाळ, त्यांचा भाऊ, एक मामा आणि मागे अंग चोरून जालिंदर. पोपटराव माजी सरपंच. शब्द तोलून बोलायची त्यांना सवय होती. ओटीवरच्या गोऱ्याला बघून ते दारातच थबकले. मग चप्पल काढून आत आले, बसले, पाणी प्यायले.

"हे कोण म्हणायचे?" त्यांनी विचारलं.

"पाहुणे आहेत. विलायतेचे," मी म्हणालो. "जुनी कब्रस्तानं बघत फिरतात."

तेवढ्यात ॲलनने उठून हात पुढे केला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "पेंडरवेल."

पोपटरावांच्या भावाने मामाकडे बघितलं. मामाने छताकडे.

पोपटराव शांत होते. "केरबा," ते अण्णांना म्हणाले, "तुमची लेक सोन्यासारखी. पोराच्या मनात भरली. देण्याघेण्याचं मी तोंडातून काढलं नाही, काढणारही नाही. ऋषीचं कूळ आन नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. पण तुम्ही काही ऋषी नाही, आन मला माझ्या भावकीत तोंड दाखवायचंय. लोक काय वाट्टेल ते बोलतात, मी ऐकत नाही. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. सुपारीसाठी मांडलेल्या ताटात त्यांनी ती उलगडली. आत भंडारा होता, जेजुरीचा, पिवळाधमक. त्यावर त्यांनी बेलाचं पान ठेवलं.

"बेलभंडारा उचला आन एवढंच म्हणा, आमच्यात साहेबाचं रक्त नाही. खंडोबा साक्षीला हाय. ह्यानंतर कुणी काही बोललं तर त्याच्याशी मी भांडेन. आत्ताच्या आत्ता सुपारी फोडू."

त्या माणसाने पळवाट ठेवली होती, हे मी आजही मान्य करतो. तो आम्हाला हाकलत नव्हता, हात देत होता.

"चहा घ्या पोपटराव," अण्णा म्हणाले.

"चहा शपथेनंतर."

अण्णांनी ताटाकडे बघितलं. हात पुढे गेला नाही. त्यांचं वय त्या एका घटकेत दहा वर्षांनी वाढल्यासारखं मला दिसलं. "घडीभर थांबा," म्हणून ते उठले आणि मागच्या दाराने गोठ्याकडे गेले. मी त्यांच्यामागे धावलो.

"अण्णा! एक वाक्य बोला आणि मोकळे व्हा. नाहीतर खोटं बोला! खंडोबा समजून घेईल. वैजूचं आयुष्य आहे!"

"खोटं बोलाया लागंल तर बोललो बी असतो," अण्णा गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "खरं बोलाया लागतंय म्हनून अडलोय."

मला काही उमजेना. तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात शेणाचं घमेलं घेऊन बसलेली ठकूआत्या बोलली.

"केरबा, सांग त्याला. पोराचा बाप झालाय. कवा सांगनार?"

"तूच सांग. बाप्यांनी बोलायची गोष्ट न्हाई ती," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

आत्याने हात धुतले, पदराला पुसले आणि मला समोर बसवलं.

"राहीआजीची पोरं जगत नव्हती. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं, चवथं. पाचवं झालं तवा तिनं काय केलं, पाचवीच्या दिवशी पोर सुपात घातलं आन साहेबाच्या दारात न्हेऊन ठेवलं. म्हनली, माझं न्हाई हे, तू घे. साहेबाला काय समजंना. त्याच्या बटलरनं समजावलं, की साहेब, पोर इकत घ्या, म्हंजी सटवाईला वाटंल हे त्या घरचं न्हाईच. मग ती न्हेनार न्हाई. साहेबानं मूठभर तांदूळ राहीच्या वटीत घातलं. झाला सौदा. मग राहीनं ते साहेबाचं पोर म्हनून सांभाळाया परत न्हेलं. मागून घेतलेलं, म्हनून भिका."

हे असं करतात हे मला ठाऊक होतं. गावोगाव करत. ज्यांची मुलं जगत नाहीत ते मूल कुणाला तरी विकतात, उकिरड्यावर टाकून उचलतात, धोंडू-केरू-भिकू अशी नावं ठेवतात. माझंच नाव धोंडीराम होतं, बापाचं केरबा, आज्याचं भिका. सगळं घर नावानिशी समोर उभं होतं आणि इतकी वर्षं मी त्यातलं फक्त आडनाव वाचत आलो होतो.

"मग त्यात लपवायचं काय?" मी म्हणालो. "हेच बाहेर जाऊन सांगू. साहेबाचा काही संबंध नाही, रक्त आपलंच—"

"हळू बोल!" आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला शेणाचा वास होता. "आरं, लोक इकतात, चार दिसांनी शेरभर दानं देऊन सोडवून आनतात. राहीनं सोडवलं न्हाई. तिला भ्या वाटलं. म्हनली, सोडवलं तर सटवाईला कळंल. पोर साहेबाचंच ऱ्हाऊ दे. साहेब बी भला. शाळंत त्याचं नाव लावलं, कामावर लावलं. मग गाव बोलाया लागलं. गोरे बी बोलाया लागले. त्यांच्या क्लबात त्याला कुनी पंगतीला घेईना. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. बटलरनं त्याला बजावलं व्हतं, आपलं न्हाई म्हनलास तर पोर जाईल. न्हाई बोलला तो. मरंस्तोवर न्हाई बोलला."

गोठ्याच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"तवापासून ह्या घरात पोर झालं की पाचवीला सुपात घालून उंबऱ्याभाईर ठेवायचं आन म्हनायचं, ह्ये साहेबाचं, आमचं न्हाई. पोराच्या आत्यानं म्हनायचं. तू शाळंत गेलास तवा तुझ्या ह्या लेकराचं सूप वैजूनं धरलंय. पयल्याच्या टायमाला तू इंदूला घोटीच्या दवाखान्यात ठेवली, पाचवी करू दिली न्हाईस."

"आत्या, तो मेंदूज्वराने गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"आसंल बाबा. मी तुला दोस देत न्हाई. पन आता खंडोबाच्या देखत भंडारा उचलून म्हनायचं, आमी साहेबाचे न्हाई? मग सटवाई काय भैरी हाय?"

मी शिकलेला माणूस, ह्यातल्या अक्षरावरही माझा विश्वास नव्हता. तरी पहिल्या मुलाचं गरम अंग मला माझ्या हातांवर जाणवायला लागलं.

"आणि वैजूने काय करायचं?" मी विचारलं. "जन्मभर बसून राहायचं?"

आत्या जराशी हसली. फूल पडलेला डोळा तसाच राहिला, दुसरा ओला झाला.

"मला बी घोटीचं स्थळ आलं व्हतं. चांगलं व्हतं. डोळ्यासकट पसंत केलेली त्यानं. त्यांनी बी भंडाराच आनलेला. केरबा उचलाया निघाला व्हता. मीच हात धरला त्याचा."

"का?"

"तवा तू पाळन्यात व्हतास ना," ती म्हणाली. "सूप म्या धरलेलं."

अण्णा गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभे होते. मी ह्या बाईच्या डोळ्याची लहानपणी नक्कल करून पोरांना हसवत असे.

तरीही मी ठरवलं. आत जायचं, सगळं सांगून टाकायचं, भंडारा मीच उचलायचा. आत्याचं जे झालं ते झालं, वैजूचं होऊ द्यायचं नाही. ज्या देवीला मी मानत नाही तिच्यापायी बहिणीचा बळी द्यायला मी काही राहीआजी नव्हतो. मी ओटीवर आलो. पोपटरावांनी ताट माझ्याकडे सरकवलं. जालिंदर आशेने माझ्याकडे बघत होता. ॲलन बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा त्या पिवळ्या पुडीकडे बघत होता.

मी तोंड उघडलं. आत पाळण्याची दोरी करकरत होती. ती थांबली, आणि माझा आवाज घशातच बसला. नाही म्हणजे नाहीच फुटला. विश्वास नसला म्हणून भीती नसते असं थोडंच आहे?

तेवढ्यात वैजू बाहेर आली. खांद्यावर माझा मुलगा. मागे दाराच्या चौकटीला धरून इंदू उभी होती, पांढरीफटक. बघायला आलेल्या मंडळींसमोर मुलीने असं आपणहून यायची रीत नव्हती, पण तिला कुणी अडवलं नाही. ती ताटापाशी खाली बसली. बेलाचं पान बाजूला केलं, चिमूटभर भंडारा उचलला आणि बाळाच्या कपाळाला लावला.

"मामंजी," ती म्हणाली. अजून सासरा न झालेल्या माणसाला तिने ती हाक मारली, तीही पहिल्यांदाच आणि शेवटची. "खंडोबाची आण, आम्ही साहेबाचेच. सगळे. हे बाळसुद्धा."

पोपटराव उठले. त्यांनी राहिलेला भंडारा आधी स्वतःच्या कपाळाला लावला, पुडी बांधली आणि खिशात ठेवली. "पोरी, खोटं बोलली असतीस तरी मी चालवून घेतलं असतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याचंच वाईट वाटलं. मंडळी निघाली. जालिंदर अंगणाच्या कवाडापाशी थांबला. वैजू त्याच्याकडे बघत नव्हती, बाळाच्या टोपड्याची नाडी बांधत होती. दोनदा गाठ सुटली. बापाने रस्त्यावरून हाक मारली तसा तो गेला. चहा तसाच कपांत निवला.

दुपारी अण्णा, मी आणि ॲलन इगतपुरीला गेलो. वाटेत ॲलनने विचारलं, "माझ्यामुळे काही बिघडलं का?" मी म्हणालो, "नाही. आमचं आधीपासूनच तसं आहे."

कब्रस्तानात गवत कमरेइतकं वाढलं होतं. साहेबाच्या दगडाभोवतीचं तेवढं अण्णांनी सर्वपित्रीला काढलेलं होतं. ॲलन दगडापुढे गुडघ्यावर बसला. नावावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाला, "आता तरी विचारा त्यांना. ते सॅम्युअलचे नातू का?"

मी विचारलं.

"व्हय म्हनून सांग," अण्णा म्हणाले. मग पुढे, "आन सांग, त्यानं लाजिरवानं काय केलं नव्हतं."

मी इंग्रजीत सांगितलं. ॲलनने विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हंजी," अण्णा म्हणाले, "लोकांनी त्याला टाकलं, पन त्यानं पोराला टाकलं न्हाई."

हेही मी इंग्रजीत सांगितलं. ॲलन दगडाला हात लावून बसला होता. रडत होता. त्याने नकाशा उलगडला आणि कबरीवर पसरून, आमच्या डोंगराच्या जागी निळे ठिपके द्यायला लागला. जागा पुरेना. एकावर एक ठिपके पडून तिथे नुसता निळा डाग झाला. त्याला वाटत होतं, त्या दरीतल्या घराबाहेरचा पेंडरवेल जगात कुठे नाही. मी त्याला तसंच वाटू दिलं. आणि आता वाटतं, तो फार चुकतही नव्हता.

त्या रात्री मी वैजूला म्हणालो, "एवढं कशाला केलंस? मी सांगणारच होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर धावत आले. आणि मी खोटी शपथ नाही घेतली, दादा. विकलेलं मूल घेणाऱ्याचंच असतं." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. तिची पाठ हलत होती, पण मी तिच्या पाठीवर हात ठेवायला धजलो नाही.

वैजूचं लग्न झालं नाही. ती गावच्या अंगणवाडीत लागली, अर्ध्या गावाला तिने मुळाक्षरं शिकवली. लोक विचारतात, एवढी देखणी बाई, राहिली कशी? मग कुणीतरी काहीतरी कारण लावून देतं, जसं मी ठकूआत्याला लावलं होतं. अण्णा गेले, आत्या गेली, ॲलनही गेल्याचं कळलं. माझा मुलगा सारंग नाशकात इंजिनियर आहे. मागच्या महिन्यात त्याला मुलगी झाली. सारंगला बहीण नाही, म्हणून पाचवीला सूप वैजूनेच धरलं. तिने दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही. सून हुशार आहे. हल्ली थुंकी पाठवली की कूळमूळ कळतं म्हणे. ती मला विचारत होती, "बाबा, करून बघायचं का? आपलं आडनाव नेमकं आलं कुठून?"

वैजूने जे केलं ते कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी मी हे लिहिलं. ठकूआत्याचंही. तिने तर मला आयुष्य दिलं आणि मी तिची नक्कल केली.

पण आत पाळणा हलतो आहे. मघापासून दोरीचा आवाज येतो आहे, आणि मी लिहिता लिहिता दोनदा उठून बघून आलो. तेव्हा एवढं वाचलंत तर शेवटचंही वाचा आणि तेवढंच खरं धरा. आत्या म्हातारपणी काहीबाही बोलायची. सूप, मूठभर तांदूळ, बटलर, तसलं काही झालं नव्हतं.

आम्ही साहेबाचेच. आमची नातसुद्धा.